आवाज थांबेपर्यंत

३ ऑगस्ट, रविवार

आलो एकदाचे. सामान वर चढवता चढवता कंबरेचा काटा ढिला झाला, पण जागा पाहून सगळा शीण उतरला. खाली चष्म्याचं दुकान, तिथे उद्यापासून मी डोळे तपासायला बसणार. वर आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घर ते काम मोजून चौदा पायऱ्या, त्यामुळे उशिरा पोचायला आता एकही सबब उरली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चर्चचं आवार दिसतं, त्यामागे झाडी, आणि झाडीच्या डोक्यावर डोंगराची ओळ. भांडी घासताना बघायला इतकं मला आजवर कधी मिळालं नव्हतं.

भिंगरीने आल्याआल्या पुढची खोली बळकावली आणि दार आपटलं. तेरा वर्षांची आहे. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून लहानपणापासून भिंगरी. गेल्या वर्षी तिच्या बाबांनी दुसरं घर केलं, तेव्हापासून आमच्याकडे कुठलंच दार सरळ लागत नाही.

संध्याकाळी उपासनेला गेलो. मंडळी साधी, आपुलकीची. संपल्यावर दहा-बारा मुलंमुली उठली आणि कुणी न सांगता खुर्च्या उचलून चार-चारच्या चळती लावायला लागली. ना ढकलाढकली, ना खिदळणं. बघतच राहिले. पाळकांच्या बायकोला म्हटलं, तुमच्याकडे मुलांना खायला घालता तरी काय? त्या हसून म्हणाल्या, काही नाही हो, डोंगरावर नेतो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज दुकानात एक उंच, वाळके गृहस्थ आले. जमीनमोजणीच्या खात्यात जन्म गेला, आता निवृत्त आहेत. गावातली मुलं त्यांना मोजणीकाका म्हणतात. दूरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला, जवळचं मात्र सगळं धूसर. मी नाकावर फ्रेम बसवून बघत होते, तेवढ्यात वर दार आपटलं. त्यांनी विचारलं, वारा का? म्हटलं, हो, तेरा वर्षांचा आहे.

ते हसले नाहीत. गंभीरपणे तिची चौकशी केली. चर्चच्या तरुण संघाच्या डोंगरसहली ते आणि त्यांची बायको चालवतात. बायको नर्स आहे, तिला सगळे नर्समावशीच म्हणतात. अकरा वर्षं झाली, महिन्यातून दोनदा जातात, कधी त्याच दिवशी परत येतात, कधी तंबूत मुक्काम. मुलींबरोबर एखादी मोठी बाई हवी असते. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. शनिवार-रविवार त्या दाराकडे बघत काढण्यापेक्षा बरं.

भिंगरीला सांगितल्यावर तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. डोंगरावर काय आहे, दगडच ना, ते इथेही आहेत, समोर बसलाय एक. समोर मी बसले होते.

१७ ऑगस्ट, रविवार

पाय भरून आलेत, पण मन हलकं झालंय. काल सकाळी निघालो, आज चारला परत.

सगळं कसं शिस्तीत. पुढे मोजणीकाका, मध्ये मुलं दोन-दोनच्या जोडीने, मागे नर्समावशी आणि मी. दर तासाला शिट्टी, शिट्टीला थांबायचं, दोन घोट पाणी, परत चालायचं. निम्म्या वाटेवर एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. तीन बाजूंनी सुरीने कापल्यासारखे कडे, चौथ्या बाजूला निसरडा उतार, तोही वर जाऊन उभाच होतो. तळाशी एका बाजूला हिरवं पाणी. उतरायला एक सुटी लोखंडी शिडी टेकवलेली. मावशी म्हणाल्या, इथून पुढे चढ सोपा आहे.

पठारावर तंबू ठोकले. भिंगरीने दोन तंबू एकटीने उभे केले आणि तिसऱ्याच्या खुंट्या उपटल्या, गंमत म्हणून. रात्री शेकोटीशी तिने काकांच्या चालण्याची नक्कल केली. ते पाऊल मोजून टाकतात, आणि दर दहाव्या पावलाला मान किंचित हलते. इतकी हुबेहूब केली की मला हसू आवरेना. खूप दिवसांनी तीही हसत होती. बाकी एकही मूल हसलं नाही. सगळी तिच्याकडे बघत होती, रागाने नव्हे, तर आजारी माणसाकडे बघतात तशी.

बेकरीवाल्याची मुलगी आहे, लांब वेणीची, सगळे तिला वेणीच म्हणतात. भिंगरीने तिला विचारलं, तुम्हाला हसायला बंदी आहे का? वेणी शांतपणे म्हणाली, "तू अजून सापडली नाहीस ना, म्हणून तुला हसू येतं."

चर्चमधलं काहीतरी असेल. मला गोड वाटलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

आज कहर झाला. गणिताच्या चाचणीवरून बोलले, तर तिने ताट भिंतीवर फेकलं आणि घराबाहेर पडली. दोन तासांनी बसथांब्यावर सापडली, बाबांकडे निघाली होती. त्यांना फोन लावून दिला तर ते म्हणाले, या आठवड्यात जमणार नाही. तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तुझ्यासोबत कुणीच राहू शकत नाही. मीही फक्त लहान आहे म्हणून राहते."

दुकानात एका म्हाताऱ्या बाईंना तक्ता वाचायला लावला आणि मलाच अक्षरं दिसेनात. नर्समावशी चष्म्याची दांडी घट्ट करायला आल्या होत्या. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि माझा बांध फुटला. सगळं सांगून मोकळी झाले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मोजणीकाका घरी आले. भिंगरी शाळेत होती, तीच वेळ साधून आले असावेत. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चहा घेतला आणि जमिनीचा उतारा समजावून सांगावा तशा आवाजात बोलले.

हरवलेल्या मेंढराचा दाखला सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणाले, पण त्यातलं एक कुणी लक्षात घेत नाही. मेंढरू सापडण्याआधी हरवावं लागतं. घरात वाढलेल्या मुलाला आपण कुणाचे आहोत हे कळतच नाही. म्हणून एक दुपार. खाणीत. शिडी काढून घ्यायची. आपण वरच असतो, कड्यावर, दहा हातांवर. तिला दिसत नाही एवढंच. जिवाला धोका नाही, नर्स सोबत असते. आईबापांपैकी एकाने तिथे असावंच लागतं. अकरा वर्षांत एकाही घराने नाही म्हटलेलं नाही.

मी विचारलं, किती वेळ?

"आवाज थांबेपर्यंत," ते म्हणाले. "रडणं नव्हे. रडणं लवकर थांबतं. हाक थांबायला हवी."

मी कप उचलले आणि त्यांना जायला सांगितलं. ते जिना उतरताना एवढंच म्हणाले की वेणी खाणीआधी आईला चावायची.

३१ ऑगस्ट, रविवार

उपासनेनंतर आज मुद्दाम वेणीकडे बघत बसले. आईची पर्स धरून उभी होती. आईने केसांवरून हात फिरवला तर डोळे मिटले.

घरी आल्यावर भिंगरीने माझा आणि तिच्या बाबांचा एकमेव फोटो कात्रीने मधून कापला. माझा अर्धा भाग केराच्या डब्यात टाकला.

मी खाली जाऊन दुकानाच्या फोनवरून मोजणीकाकांना हो म्हटलं. कागद नाही, सही नाही. ते फक्त म्हणाले, बरं.

६ सप्टेंबर, शनिवार

लिहायचं नव्हतं. पण डोक्यातून जात नाही.

धुकं होतं. काकांनी खाणीत लपाछपी ठरवली. सगळी उतरली. भिंगरीवर राज्य आलं. ती भिंतीकडे तोंड करून शंभरपर्यंत मोजायला लागली, आणि मुलं एकेक करून शिडीने वर आली. एक दगड सरकला नाही. इतकी सवय होती त्यांना. शेवटी वेणी आली, आणि तिने आणि काकांनी शिडी वर ओढली.

आम्ही कड्यावर पालथे पडलो. ती शोधत होती, हसत होती. दिसलास रे, बाहेर ये. मग चिडली. मग शिव्या दिल्या. मग काकांना हाका, मावशींना हाका. बाबांना. बाबांना खूप वेळ.

मग आई.

मी उठले, तर मावशींनी मनगट धरलं. घट्ट नव्हे, नाडी बघतात तसं. कानाशी म्हणाल्या की आता उत्तर दिलंत तर इतकं सोसलं ते वाया जाईल आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. मुलं पाव-जॅम खात होती. कुणी माझ्याही हातात ठेवला. मी तो खाल्ला. हे लिहून ठेवते. तिची हाक ऐकत मी पाव खाल्ला.

आई, मी परत नाही करणार, म्हणाली. काय करणार नाही तेही एकेक सांगत गेली. फोटोचं, ताटाचं, लहानपणचंसुद्धा, जे मला कधी कळलंच नव्हतं. कड्याला नखं घासल्याचा आवाज येत होता. पुढे नुसतं आ, आ. पुढे तेही नाही.

त्यानंतर काकांनी घड्याळ लावून वीस मिनिटं जाऊ दिली. मग सगळे गाणं म्हणत खाली उतरले, तिला उचललं, मिठ्या मारल्या. सापडली, सापडली. मी पुढे झाले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. नीट, सगळे दात दाखवून.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी उठले तर भांडी घासलेली, अंथरुणं घडी केलेली. चर्चमध्ये तिने खुर्च्या लावल्या. मंडळी येऊन माझा हात हातात घेत होती.

खोटं का लिहू? आज दुपारी कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

१५ सप्टेंबर, सोमवार

पाणी पिऊ का, विचारते. दिवा लावू का? झोपू का? मी म्हणते, अगं विचारतेस काय. ती म्हणते, हो आई. आणि पुन्हा विचारते.

नखं अजून आलेली नाहीत. पट्टी बदलताना मी रडले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, लक्ष देऊन, शिकत असल्यासारखी. बाबांचं नाव नाही. मी कुठे होते, हेही विचारलेलं नाही. एकदाही नाही. तिने विचारावं म्हणून मी विषय काढते. ती म्हणते, हो आई.

दार आपटत नाही. मी मुद्दाम जोरात आपटून पाहिलं. खालून दुकानाच्या मालकांनी विचारलं, वारा का?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

न्हाणीघरात घसरले. गुडघा जबर आपटला, उठता येईना. भिंगरीला हाक मारली. मग मोठ्याने. घरातच होती, पाचच मिनिटांपूर्वी पाहिलं होतं. कितीतरी हाका मारल्या. शेवटी भिंतीला धरून कशीबशी उठले आणि दार उघडलं.

ती दाराला लागूनच उभी होती. पाठ भिंतीला, डोळे मिटलेले.

विचारलं, ऐकू आलं नाही का?

म्हणाली, "येत होतं. मी थांबायची वाट बघत होते."

२२ सप्टेंबर, सोमवार

पाळकांकडे गेले. सांगितलं की माझ्या मुलीला काहीतरी झालंय, आम्ही जे केलं ते पाप आहे, मी बाहेर जाऊन सांगणार आहे, पोलिसांत, वर्तमानपत्रात, जिथे ऐकतील तिथे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पाण्याचा पेला पुढे केला. मग माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी आधी पाहिली होती. शेकोटीपाशी, मुलांच्या डोळ्यांत.

ते म्हणाले, "चूक आमची आहे. मुलांना आधी नेतो आम्ही. आईबापांनाच आधी न्यायला हवं."

जिना उतरले तो धावतच.

२४ सप्टेंबर, बुधवार

सोमवारी जायचं ठरलं. माझ्या बहिणीकडे, रात्रीचा प्रवास आहे. मालकांना तब्येतीचं कारण सांगितलं. भिंगरीला सांगितलं तर हो आई.

मग जेवताना चमचा खाली ठेवून म्हणाली, "आई, शनिवारी एकदाच सहलीला जाऊ या? मग जाऊ. मला आवडेल."

मला आवडेल. अठरा दिवसांत तिने पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. तोंडातून ‘नाही’ निघेना. हसून हो म्हटलं आणि मोरीत जाऊन रडले. वाटलं, आहे ती अजून आत. सगळं गेलेलं नाही.

बरोबर राहीन. हात सोडणार नाही. खाणीपर्यंत जायचंच नाही, पायथ्यावरून परत.

२७ सप्टेंबर, शनिवार, दुपार

खाणीच्या तळातून लिहिते आहे. वही पाठपिशवीत होती म्हणून. अक्षर लागेल तसं लागो.

पायथ्यावरून परतायचं होतं. ती म्हणाली, थोडं पुढे, आई. मी गेले. काका आणि बाकी सगळे बरेच पुढे निघून गेले होते. मागे आम्ही दोघी आणि वेणी. खाणीच्या कडेवर भिंगरी वाकली आणि तिची टोपी खाली पडली. मी आणते, म्हणाली. मी म्हटलं, नाही, तू नाही. या खड्ड्यात तू पुन्हा पाऊल टाकायचं नाहीस. मी आणते.

टोपी उचलून मान वर केली. शिडी हलत होती. एका बाजूला वेणीचे हात. दुसऱ्या बाजूला पट्ट्या बांधलेली बोटं.

तिला म्हटलं, भिंगरी, ठेव ती. तिने ऐकलं नाही असं नाही. माझ्याकडे बघत होती. शिडी जड आहे, दोघींना दम लागला होता. मध्ये थांबून तिने पट्टी नीट केली आणि परत ओढली.

चारच्या सुमाराला

उताराने दोनदा चढायला गेले. दुसऱ्यांदा पडले. घोटा सुजून भोपळा झालाय. पाय टेकत नाही.

वर कुणी दिसत नाही. पण आहेत. कुठे पडलेत तेही मला माहीत आहे, मी तिथेच पडले होते. गवत दबलेलं असेल.

हाक मारायची नाही. हाक थांबली की येतात ना, मग मारायचीच नाही. गप्प बसते. वीस मिनिटं. मग उतरतील, गातील, मिठ्या मारतील. मी हसेन. सगळे दात दाखवेन. सोमवारी तिला घेऊन निघून जाईन.

संध्याकाळ

तास झाला. जास्तच. एक अक्षर बोलले नाही.

धुक्यात आवाज जवळ येतो. काकांनी विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, थांबला का गं?

आणि भिंगरी म्हणाली, "नाही काका. ती मुद्दाम गप्प बसलीय. खरा थांबतो तो वेगळा असतो. मला माहीत आहे."

मग मी ओरडले. काय काय ओरडले आठवत नाही. तिचं खरं नाव घेतलं. जन्मली तेव्हाचं सांगितलं. माफी मागितली, पावाचंही सांगितलं —

वरून काही नाही.

बोलून दाखव म्हटलं, एकदा आई म्हण — नुसतं आई —

कुणीतरी डबा उघडला.

रविवार. उजेड आहे

पाऊस. पाणी गुडघ्यापर्यंत. दगडावर बसलेय, वही पोटाशी धरून.

रात्रभर हाका मारल्या. पहाटे कधीतरी घसा गेला. आता तोंड उघडते तर नुसती हवा —

म्हणजे झालं. थांबला आवाज. आता वीस मिनिटं.

*

वीस केव्हाच झाली. घड्याळ आहे माझ्याकडे —

थांबलाय हे त्यांना सांगायचं कसं? सांगायला आवाज —

पाण्यात दगड टाकला. मावशी म्हणाल्या, आता उतरू या का? पाणी चढतंय.

भिंगरी म्हणाली, अजून थोडं.

*

टोपी हलवली. ती बघतेय. कडेला आली आहे, दिसतेय मला, हनुवटी हातांवर ठेवून —

बाळा, मुद्दाम नाही गं. बघ माझ्या तोंडाकडे. आता खरंच —